‘घरातच आहे’ म्हणजे नेमकं काय आहे?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात एखाद्या घरातला कर्ता माणूस पन्नाशीच्या आत हार्ट अटॅकने गेला, की भेटायला आलेल्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणतं, “त्यांच्या घरातच आहे ते. वडीलही असेच गेले.” बोलणाऱ्याचा हेतू सांत्वनाचा असतो. पण त्या घरातल्या पंचवीस-तिशीच्या मुलामुलींच्या मनात ते वाक्य रुतून बसतं. मग कोणी कायम धास्तीत राहतं, तर कोणी ‘व्हायचं ते होणारच’ म्हणून तपासणीच करत नाही. म्हणून घरात नेमकं काय असतं, ते जरा नीट समजून घेऊया.

दाह: शरीराचा पहारा

पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. पांढऱ्या पेशी तिथे धावून आलेल्या असतात. डॉक्टर यालाच इन्फ्लमेशन म्हणतात, मराठीत दाह. काटा निघाला की तो शमतो.

हृदयाच्या रक्तवाहिन्यांत मात्र हा काटा निघत नाही. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाहिनीच्या भिंतीत शिरतं. ते खायला पांढऱ्या पेशी येतात, चरबीने फुगतात आणि तिथेच साचतात. या साठ्यावर एक पातळ आवरण तयार होतं. दाह धुमसत राहिला तर ते आवरण कमकुवत होऊन फुटतं, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि झटका येतो. ‘ब्लॉकेज फार नव्हतं तरी अटॅक आला’ असं आपण ऐकतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं.

हा दाह कोणाच्या शरीरात किती भडकतो, हे काही प्रमाणात जनुकांवर ठरतं. इंटरल्युकिन-६ हे शरीरातलं दाहाचा निरोप पोहोचवणारं रसायन आहे. तो निरोप पेशींमध्ये घेणाऱ्या जनुकाचं एक रूप काही लोकांत जन्मतःच थोडं मंद असतं. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांत अशा लोकांना हृदयविकार किंचित कमी होतो असं दिसलं. फरक लहान होता, पण दाह हा हृदयविकाराचा केवळ साक्षीदार नाही, त्यात त्याचा हातही आहे, हे त्यातून कळलं.

रक्ततपासणीत दिसणाऱ्या सीआरपीची गोष्ट वेगळी आहे. ज्यांच्यात जनुकांमुळेच सीआरपी जास्त असतं, त्यांना हृदयविकार जास्त होतो असं आढळलं नाही. सीआरपी हा धूर आहे, आग नव्हे. धूर दिसला तर आग कुठे आहे ते शोधायचं.

२०१७ मध्ये याचा थेट पुरावा मिळाला. आधी अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांवर ‘कँटोस’ ही चाचणी झाली. कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाह कमी करणारं इंजेक्शन दिलं, तेव्हा मधल्या मात्रेत अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. मात्र जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले, म्हणून ते हृदयरोगासाठी वापरात आलं नाही. पुढे संधिवातावरचं जुनं, स्वस्त औषध कॉल्चिसिन तपासलं गेलं आणि २०२३ मध्ये अमेरिकेत कमी मात्रेत त्याला हृदयरोगासाठी मान्यता मिळाली. २०२४ च्या एका मोठ्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही, त्यामुळे चर्चा चालू आहे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या रानात फुलणाऱ्या कळलावीत हेच कॉल्चिसिन असतं आणि ती वनस्पती जहाल विषारी आहे. घरगुती प्रयोगाचा विचारही करू नका.

जनुकांचा जोर किती?

२००७ मध्ये नवव्या गुणसूत्रावर ‘९पी२१’ या जागी हृदयविकाराशी जोडलेला एक बदल सापडला. तो जगभर फार सर्रास आढळतो. आई किंवा वडिलांकडून त्याची एक प्रत आली तर धोका साधारण पाव पटीने वाढतो, दोन्हींकडून आली तर त्याहून जास्त.

२०११ मध्ये संशोधकांनी याच जनुकाची सांगड आहाराशी घातली. अभ्यासात दक्षिण आशियातले लोकही होते. हा बदल असूनही जे कच्च्या भाज्या आणि फळं भरपूर खात होते, त्यांच्यात वाढीव धोका जवळपास दिसेनासा झाला. आपल्याकडे भाकरीबरोबर कच्चा कांदा, मुळा, काकडी, मेथीची पानं खायची जुनी पद्धत आहेच. ती ताटातून जाऊ देऊ नका.

हा अभ्यास ‘इंटरहार्ट’ या मोठ्या संशोधनातल्या माहितीवर झाला होता. डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ते ५२ देशांत झालं. त्यातला दक्षिण आशियाचा भाग नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडला. आपल्याकडे पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत जवळपास ५९ व्या. सहा वर्षं आधी! आपलं रक्तच वेगळं आहे का? तंबाखू, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, आहार, व्यायाम अशा नऊ गोष्टींचा हिशेब जमेस धरल्यावर लवकर अटॅक येण्यातला हा फरक जवळपास नाहीसा झाला. आपल्याकडे या गोष्टी कमी वयातच गाठतात, हे त्याचं मुख्य कारण.

तंबाखूचं गाव

निपाणी म्हटलं की तंबाखू. या पिकाने कित्येक घरं उभी केली, मुलांची शिक्षणं केली. १९८१ मध्ये तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बेंगळूरु महामार्गावर बसले आणि गोळीबारात काहींनी प्राण गमावले. वखारीत राबणाऱ्या बायकांचं जगणं अनिल अवचटांनी मराठी वाचकांपुढे आणलं. त्यामुळे तंबाखूवर बोलताना आपल्या भागात जपून बोलावं लागतं, आणि ते योग्यच आहे. पण पिकाचा मान राखूनही आकडे लपवता येत नाहीत.

‘इंटरहार्ट’नुसार तंबाखूला न शिवणाऱ्यांच्या तुलनेत बिडी ओढणाऱ्यांना अटॅकचा धोका सुमारे २.९ पट, म्हणजे सिगारेटइतकाच. नुसता तंबाखू चघळणाऱ्यांना २.२ पट, दोन्ही करणाऱ्यांना ४ पट. स्वतः कधीच न ओढणारे, पण दुसऱ्याच्या धुरात आठवड्याला २२ तास किंवा जास्त बसणारे, त्यांनाही सुमारे ६० टक्के जास्त. ९पी२१ ची एक प्रत पाव पट आणि बिडी जवळपास तिप्पट, हा हिशेब पाहिला की ‘घरातच आहे’ याचा दुसरा अर्थ लागतो. वडिलांकडून मुलाला जनुकं मिळतात, तसा सोप्यावरचा धूर, खिशातली चंची आणि फडताळातली मशेरीची डबीही मिळते. जनुकं बदलता येत नाहीत. डबी बदलता येते. सोडल्यानंतर पहिल्या तीन वर्षांतच धोका बराच खाली येतो, असंही याच अभ्यासात दिसलं.

बारीक आहे, तरीही

पुण्या-बेंगळूरुला नोकरीला गेलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के! पोटाभोवतीची चरबी नुसती पडून राहत नाही, ती दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडत राहते. म्हणून वजनकाट्यापेक्षा कमरेचा घेर मोजा.

मग करायचं काय?

- घराण्याचा इतिहास लिहून ठेवा: कोणाला, कितव्या वर्षी. पुरुषाला ५५ आणि स्त्रीला ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल तर तो ‘लवकर’ धरतात. आजोळची बाजू विसरू नका.
- कोलेस्टेरॉलची पहिली तपासणी १८ व्या वर्षी करावी, असं भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये सुचवलं. घरात इतिहास असेल तर त्याआधीही.
- लायपोप्रोटीन-ए ही तपासणी आयुष्यात एकदा करून घ्या. याची पातळी बहुतांशी जनुकांवरच ठरते आणि ते वाहिनीच्या भिंतीत दाहही वाढवतं. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीच्या गोष्टी जास्त काटेकोरपणे सांभाळाव्या लागतात.
- रक्तदाब आणि साखर तपासा. दिवाळी-गणपतीला गावी आलात की आईवडिलांची तपासणीही करून घ्या.
- आकडे जास्त आले तर घाबरून इंटरनेटवर औषध शोधू नका, डॉक्टरांकडे जा.

आणि पुढच्या वेळी कोणी “त्यांच्या घरातच आहे ते” म्हणालं, तर त्या घरातल्या मुलांना बाजूला घेऊन एवढंच विचारा: “तुमची तपासणी झाली का?”