बँकांची उधारी, जनतेच्या माथी
सप्टेंबर 2008 मध्ये आयर्लंड सरकारने सहा देशी वित्तसंस्थांच्या ठेवींची आणि बहुतेक कर्जरोख्यांची हमी घेतली. घरबांधणीच्या तेजीत बिल्डरांना वारेमाप वाटलेली कर्जे भाव कोसळताच थकली आणि ती हमी सरकारच्या गळ्यात पडली. बँका सावरायला सुमारे 64 अब्ज युरो लागले. त्याच काळात सरकारी पगार कापले गेले, कर वाढले. ठेवीदारांना वाचवणे समजण्यासारखे होते. बड्या रोखेधारकांचे पैसेही बहुतांशी चुकते झाले, हे मात्र लोकांच्या पचनी पडले नाही. सप्टेंबर 2010 मध्ये डब्लिनमधील संसदेच्या फाटकावर सिमेंट मिक्सरचा ट्रक येऊन आदळला. त्याच्या ड्रमवर सर्वाधिक बदनाम झालेल्या ‘अँग्लो’ बँकेचे नाव रंगवले होते. 2011 च्या निवडणुकीत सत्ताधारी फियाना फॉल पक्षाला 166 पैकी अवघ्या 20 जागा मिळाल्या.