कांदिन्स्की : नादातून आकाराकडे

वासिली कांदिन्स्की (१८६६–१९४४) हा अमूर्त चित्रकलेच्या आरंभीच्या प्रमुख चित्रकारांपैकी एक. मॉस्कोत जन्मलेला हा माणूस कायदा आणि अर्थशास्त्र शिकला, पण तिशीत ते सारे सोडून चित्रकलेसाठी म्युनिकला गेला. तो चेलो आणि पियानो वाजवत असे. मॉस्कोत वाग्नरचा ‘लोहेनग्रिन’ हा ऑपेरा ऐकताना डोळ्यांपुढे रंग उभे राहिले, असे त्याने आठवणींत नोंदवले आहे. त्याला स्वर खरोखरच दिसत होते का, यावर अभ्यासकांनी बरीच शाई खर्च केली आहे. त्याहून मोलाचे आहे ते त्याने संगीताकडून घेतलेले बळ. तराण्यातल्या बोलांचा अर्थ कुणी विचारत नाही. मग चित्रात झाड किंवा घोडा ओळखू आलाच पाहिजे, हा हट्ट कशासाठी?

जानेवारी १९११मध्ये म्युनिकला त्याने आर्नॉल्ड शोनबर्गचे संगीत ऐकले आणि लगोलग ‘इम्प्रेशन ३ (कॉन्सर्ट)’ हे चित्र रंगवले. त्यात पियानोचे उघडे झाकण म्हणजे एक मोठा काळा आकार. त्याला भिडून पिवळा रंग जवळजवळ सगळा कॅनव्हास व्यापतो, आणि श्रोते नुसत्या वाकलेल्या रेषांत उरतात. त्याच वर्षाअखेर आलेल्या ‘कलेतील आध्यात्मिकता’ या पुस्तकात त्याने पिवळ्याला तुतारीचा, फिक्या निळ्याला बासरीचा, तर गडद निळ्याला चेलोचा नाद बहाल केला. ही वाटणी सर्वांना पटेलच असे नाही.

याच सुमारास त्याने ‘क्लेंगे’, म्हणजे ‘नाद’, हे पुस्तक केले. त्यात त्याच्या ३८ गद्यकविता आणि ५६ काष्ठठसे आहेत. पुढे १९२२मध्ये तो वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत शिक्षक झाला. त्या डिसेंबरात कोलकात्यातल्या एका प्रदर्शनात त्याचे आणि तिथलाच सहशिक्षक, चित्रकार पॉल क्ले याचे काम भारतीयांना पाहायला मिळाले. त्याच वर्षीच्या ‘लहान जगे’ या संचात १२ मुद्राचित्रे आहेत : चार काष्ठठसे, चार शिलाछापे आणि चार धातूच्या पत्र्यावर सुईने कोरलेली.

तीन माध्यमे एकाच संचात का, याचे उत्तर त्याच्या १९२६च्या ‘बिंदू आणि रेषेपासून प्रतलाकडे’ या पुस्तकात सापडते. पत्र्यात सुई टोचली की काळा ठिपका झटकन उमटतो. लाकडावर तोच ठिपका हवा असेल तर त्याच्या भोवतीचे सारे लाकूड कोरून काढावे लागते. तिथे सोपा असतो तो पांढरा. दगडावर मात्र दोन्ही सारख्याच सहजतेने येतात.