हजेरीपटावरची नावं कुणाची?

रोजगार हमीच्या कामावर कुणाला किती दिवसांची मजुरी दिली, हे तपासायचं तर हजेरीपट हवा आणि त्यावर नावं हवीत. गेल्या वर्षी वारलेला माणूस यंदा खडी फोडताना दाखवलाय, हे नावाशिवाय कळणार कसं? राजस्थानात 1994 पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवायांत नेमकं हेच केलं. हजेरीपटावरची नावं गावासमोर मोठ्याने वाचली. माहिती अधिकाराची मागणी तिथून जोर धरत गेली आणि 2005 मध्ये देशभराचा कायदा झाला.

त्या कायद्याला खासगीपणाचं भान नव्हतं, असं मुळीच नाही. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा कुणाच्या खासगी आयुष्यात विनाकारण डोकावणारी माहिती कलम 8(1)(ञ) खाली नाकारता यायची; व्यापक जनहित असेल तर मात्र द्यावी लागे. शिवाय, जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारायची नाही, अशी पुस्ती होती.

2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हवाच होता. पण 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने जाता जाता या कलमातल्या सगळ्या अटी आणि ती पुस्तीही उडवली. आता तिथे उरलंय ते एवढंच: ‘वैयक्तिक माहिती’. नोव्हेंबर 2025 पासून हा बदल लागू आहे. याच डेटा कायद्याच्या कलम 17 मध्ये केंद्र सरकारने आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देण्याची तरतूदही आहे. म्हणजे पडदा आहे, पण तो कुणाच्या बाजूने ओढायचा हे सरकारच्या हाती. हा बदल अनावश्यक होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(2) शाबूत आहे: जनहित होणाऱ्या हानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते. गंमत अशी, की कलम 6(2) अर्जदाराला कारण विचारू देत नाही. आता मात्र आपणहून कारण लिहिलेलं बरं. तेही महाराष्ट्रात दीडशे शब्दांच्या मर्यादेत.

म्हणून अर्जात आधार, फोन, बँक खातं मागू नका. काम, रक्कम आणि ती कुणाला दिली, एवढंच मागा. 8(2) चा उल्लेख करा. नकार आला तर 30 दिवसांत पहिलं अपील करा. नकार योग्य होता हे अपिलात सिद्ध करण्याची जबाबदारी, कलम 19(5) नुसार, जनमाहिती अधिकाऱ्याची आहे.