गुडघ्याचं हाड सरळ केलं, मग सजदा जमतो का?

मस्जिदीत मागच्या बाजूला खुर्च्या वाढत चालल्यात, हे आता गावोगावी दिसतं. मोलगीसारख्या सातपुड्यातल्या गावात तर चढ-उतार रोजचाच. त्यात डोक्यावर ओझं, आणि आमचुराच्या हंगामात तासन्‌तास खाली बसून कैऱ्या सोलणं. गुडघे लवकर कुरकुरायला लागतात.

दुखणाऱ्या प्रत्येक गुडघ्याला सांधा बदलावा लागत नाही. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतील तर शरीराचा भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर जास्त पडतो आणि तिथली कूर्चा झिजते. बाहेरची बाजू शाबूत असते. अशा वेळी, विशेषतः चाळिशी-पन्नाशीतल्या रुग्णाला, डॉक्टर 'हाय टिबियल ऑस्टिओटॉमी' म्हणजे एचटीओ सुचवतात. गुडघ्याच्या खाली नडगीच्या हाडाला काप देऊन त्यात काही मिलिमीटरची फट उघडतात आणि प्लेट-स्क्रूने हाड नव्या कोनात पक्कं करतात. भार बाहेरच्या चांगल्या बाजूकडे सरकतो. सांधा मात्र आपलाच राहतो.

मग रुग्ण समाधानी असतात का? बहुतेक असतात. योग्य रुग्ण निवडला असेल तर दहा वर्षांनंतरही बहुसंख्य लोकांना सांधाबदलाची गरज पडलेली नसते. नाराज कोण होतं, हे पाहणं आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. एक्स-रे उत्तम, पण माणूस खूश नाही, असंही घडतं. कारण त्याला सांगितलेलंच नसतं की हाड भरायला तीन ते सहा महिने लागतात आणि सुरुवातीचे काही आठवडे कुबड्या किंवा वॉकर सुटत नाही. पायाचा आकार बदललेला दिसतो, तेही काहींना खटकतं. प्लेट कातडीखाली टोचते म्हणून वर्ष-दीड वर्षाने ती काढायला पुन्हा ऑपरेशन करावं लागतं, तेव्हा "हे आधी का नाही सांगितलं?" असा सवाल येतो. सवाल रास्तच आहे.

आणि सजदा? कृत्रिम सांधा बसवल्यावर मांडी घालणं, गुडघ्यावर बसणं अनेकांना जमत नाही, काही डॉक्टर मनाईच करतात. एचटीओत स्वतःचा सांधा राहत असल्यामुळे खाली बसण्याची शक्यता जास्त असते. पण खात्री नाही. आधीच गुडघा पूर्ण वाकत नसेल तर हाड सरळ करून तो वाकायला लागणार नाही. (खुर्चीवर नमाज पढण्यात कमीपणा नाही, आजाऱ्याला शरिअतने सवलत दिलेलीच आहे. पण मन सजद्यासाठी तळमळतं, हेही खरं.) म्हणून डॉक्टरला नुसतं "दुखणं जाईल का" विचारू नका. जमिनीवर बसायचंय, डोंगर चढायचाय, देशी संडास वापरायचाय, हे स्पष्ट सांगा. आमच्या बायका-बहिणी हे बोलायला लाजतात, तेव्हा सोबत गेलेल्याने बोलावं.

उभं राहून कमरेपासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रे काढला का, तेही पाहा. कोनाचा हिशोब त्यावरच होतो. तंबाखू, विडी आधीच सोडा, त्याने हाड भरायला उशीर होतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन आपल्या रुग्णालयात बसतं का, ते आरोग्यमित्राला तारीख घेण्याआधी विचारा.

मोलगीकरांनी आणखी एक हिशोब धरावा. ऑपरेशन नंदुरबारला होवो, धुळ्याला की सुरतला, तपासणीसाठी अनेकदा घाट उतरावा लागणार, तोही कुबड्या घेऊन. आमचुराचा किंवा शेतीचा हंगाम टाळून तारीख घेतली तर सोबत यायला घरातलं माणूस मोकळं असतं.