कोणती गेवराई?

जपानात कोरोमो नावाचे नगर होते. तेथील मोटारींच्या कारखान्यास टोयोडा घराण्याच्या आडनावावरून ‘टोयोटा’ हे नाव मिळाले. आणि १९५९ साली नगरानेच आपले जुने नाव टाकून कारखान्याचे नाव धारण केले! आपल्याकडे बहुधा ह्याच्या उलट घडते. गावावरून माणसाला आडनाव मिळते. गेवराईचा तो गेवराईकर.

पण कोणत्या गेवराईचा? बीड जिल्ह्यातील गेवराई हे तालुक्याचे ठिकाण. विधानसभेचा मतदारसंघही त्याच नावाचा. शेजारच्या जालना जिल्ह्यात, बदनापूर तालुक्यात, गेवराई बाजार आहे. बहिणीच्या लग्नाची पत्रिका मी मामांना धाडली, तेव्हा पत्त्यात जिल्हा लिहावयाचा राहिला. पत्रिका भलत्याच गेवराईस गेली. वधूच्या पाठीशी उभे राहावयाचे ते मामा आले, तेव्हा मांडव उतरला होता.