शालेय क्रीडा म्हणून स्क्वॉश : पुनरुज्जीवन आणि ग्रामीण शाळा

स्क्वॉश हा जिमखान्याचा खेळ, अशी आपल्याकडे समजूत आहे. वस्तुतः त्याचा जन्म शाळेत झाला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील हॅरो येथील विद्यार्थी 'रॅकेट्स' या जुन्या खेळाच्या कोर्टावर आपली पाळी येईपर्यंत बाहेरच्या भिंतींवर मऊ रबरी चेंडू मारीत असत. दाबताच चेपणाऱ्या त्या चेंडूवरूनच खेळास नाव पडले.

हिंदुस्थानात हा खेळ आला तो इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर. तो छावण्यांत व मुंबईसारख्या शहरांतील क्लबांत रुजला आणि शाळेशी असलेले त्याचे नाते तुटले. तथापि गुण हा वर्गावर अवलंबून नसतो, याचा दाखलाही याच इतिहासात आहे. पेशावरच्या अधिकाऱ्यांच्या क्लबात चेंडू वेचणारा मुलगा हाशिम खान याने 1944 साली मुंबईत अखिल भारतीय अजिंक्यपद मिळविले व 1951 साली ब्रिटिश ओपन जिंकली. त्याला लाभले होते ते एवढेच, की कोर्ट त्याच्या आवाक्यात होते.

अलीकडे या खेळास पुन्हा उठाव आला आहे. 2014 च्या इंचॉन व 2023 मध्ये भरलेल्या हांगचौ आशियाई स्पर्धांत सांघिक सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय पुरुष संघांत मुंबईचे महेश माणगावकर होते. 16 ऑक्टोबर 2023 रोजी मुंबईतच भरलेल्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2028 च्या लॉस एंजेलिस स्पर्धांत स्क्वॉशचा समावेश मंजूर केला. राष्ट्रीय शालेय स्पर्धांतही त्यास स्थान मिळाले आहे.

येथेच खरा प्रश्न उद्भवतो. महाराष्ट्रात शालेय क्रीडाप्रावीण्यास परीक्षेत वाढीव गुण मिळतात; शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. ज्या खेळाची कोर्टे मोजक्या शहरांतच आहेत, त्याचा हा लाभही त्या शहरांतच राहणार. पंढरपूर तालुक्यातील करकंबसारख्या गावच्या मुलास ही स्पर्धा नावापुरतीच खुली ठरते.

प्रमाणित कोर्ट 9.75 मीटर लांब व 6.40 मीटर रुंद असते. समोरील भिंतीवरील वरची रेषा 4.57 मीटर उंचीवर असते. चारी भिंती गुळगुळीत व काटेकोर सपाट हव्यात, म्हणून बांधकाम महाग पडते. चेंडू मात्र स्वस्त असून त्याचे वर्तन बोधप्रद आहे. पोकळ रबरी चेंडू प्रत्येक आघाताने तापतो, आतील हवेचा दाब वाढतो व उसळी वाढते. दोन पिवळ्या ठिपक्यांचा स्पर्धेचा चेंडू थंड असता जवळजवळ उसळतच नाही. नवशिक्यांना निळ्या ठिपक्याचा अधिक उसळणारा चेंडू द्यावा.

यावरून मार्ग सुचतो. शाळेची एक उंच, खिडक्या नसलेली भिंत, तिच्यापुढे सिमेंटचा कोबा आणि भिंतीवर आखलेल्या रेषा, एवढ्यावर फटका, पदन्यास व नजर यांचे पहिले शिक्षण होऊ शकते. परंतु बाजूच्या व मागील भिंतींवरून परतणाऱ्या चेंडूचा अंदाज, जो या खेळाचा आत्मा होय, तो एका भिंतीवर येत नाही. त्यासाठी निदान तालुक्याच्या ठिकाणी एक सार्वजनिक कोर्ट असावयास हवे व तेथे ग्रामीण शाळांचे वार ठरलेले असावेत. भिंतीने आरंभ होईल. कोर्टावाचून तो आरंभच राहील.