कापलेला फोटो

पत्रिकेत आजचा विषय 'सुख आणि पैसा' असा छापलाय. विषय अवाढव्य आहे, म्हणून मी एकाच वस्तीपासून सुरू करतो, आणि तेही एका कबुलीने.

काही वर्षांपूर्वी अशाच एका व्याख्यानात मी पडद्यावर एक फोटो दाखवला होता. केनियातल्या नैरोबी शहरातली किबेरा नावाची झोपडवस्ती. पत्र्याच्या खोलीच्या दारात एक बाई, भोवती तीन-चार मुलं, सगळे खळखळून हसतायत. मी म्हणालो होतो, "बघा, यांच्याकडे काहीही नाही, तरी ही माणसं आनंदी आहेत. आपल्याकडे सगळं आहे आणि आपण कुरकुरतोय." भरपूर टाळ्या पडल्या. ते वाक्य मला आज परत घ्यायचंय.

आधी किबेराबद्दल थोडं. ब्रिटिशांच्या सैन्यात सुदानकडचे नुबी शिपाई होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांना नैरोबीलगतच्या रानात राहायला जागा दिली गेली. 'किब्रा' म्हणजे त्यांच्या भाषेत जंगल. जमिनीची कागदपत्रं मात्र त्यांना दिली नाहीत, आणि पुढच्या शंभर वर्षांचं दुखणं तिथूनच सुरू झालं. आज तिथले बहुतेक लोक भाडेकरू आहेत. दहा-बारा फूट लांबी-रुंदीची एक खोली, मातीच्या किंवा पत्र्याच्या भिंती, वर पत्रा. मालक बऱ्याचदा दुसरीकडे राहतो. वस्तीतून रेल्वेचे रूळ जातात. ही रेल्वे बांधायला १८९६ पासून इथून हजारो हिंदुस्थानी मजूर नेले होते. त्यामुळे तिथे आपल्याला ओळखीचे शब्द भेटतात. दुकानाला 'दुका', चपातीला 'चपाती'. फक्त तिथली चपाती सणासुदीची, पाहुण्यांसाठीची. रोजचं जेवण म्हणजे मक्याच्या पिठाचा उगाली आणि पालेभाजी. त्या भाजीचं नाव 'सुकुमा विकी', शब्दशः अर्थ 'आठवडा ढकला'. यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही.

आणि लोकसंख्या? मी जाताना वाचून गेलो होतो की तिथे दहा लाख लोक राहतात. किती ठिकाणी हा आकडा छापून आलाय! २००९ च्या जनगणनेत मात्र सुमारे १ लाख ७० हजार निघाले. मोजणीत काही सुटलेही असतील, पण फरक बघा. गरिबांबद्दल बोलताना आपण आकडासुद्धा आपल्याला हवा तेवढा फुगवून घेतो. मीही तेच केलं, फक्त आनंदाच्या बाबतीत.

आता तो फोटो कसा निघाला ते सांगतो. मला वस्ती दाखवणारा तरुण तिथलाच होता. रुळांच्या कडेला एक बाई मंदाझी तळत होत्या. मंदाझी म्हणजे मैद्याचे गोडसर, फुगलेले वडे म्हणा. तो त्यांना 'मामा' म्हणत होता आणि पुढे थोरल्या मुलाचं नाव. तिकडे मामा म्हणजे आई. आपल्याकडे 'बंड्याची आई' म्हणतात ना, तसंच. मंदाझी खाऊन झाल्यावर मी त्याच्यामार्फत विचारलं, "तुम्ही सुखी आहात का?" आता विचार केला की लाज वाटते. कुणी परका माणूस आपल्या दारात येऊन असं विचारेल का? पण त्या हसल्या आणि त्यांनी उलट विचारलं, "आज, की एरवी?"

मी म्हटलं, दोन्ही सांगा. आज बरं आहे, त्या म्हणाल्या. मुलं घरी आहेत, माल संपत आलाय, पाहुणे आलेत. आणि एरवी? त्यांनी नुसतं शेजारी बोट दाखवलं. तिथे वीस-वीस लिटरच्या पिवळ्या कॅनची रांग होती. पाणी कॅनवर विकत घ्यायचं. टंचाई झाली की भाव चढतो, आणि रांगेत उभं राहिलं की धंद्याचा वेळ जातो. लिटरमागे हिशेब केला, तर घरात नळ असलेल्या माणसापेक्षा त्या जास्त पैसे देतात.

हे उत्तर मी ऐकलं होतं बरं का. मला समजलंही होतं. मूळ फोटोत डाव्या कोपऱ्यात ते कॅन आहेत. व्याख्यानासाठी स्लाईड करताना मीच तो कोपरा कापला. चौकट चांगली दिसावी म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

त्या बाईंनी एका वाक्यात जो फरक केला, तोच फरक सुखाचे अभ्यासक करतात. या क्षणी मन कसं आहे, हा एक प्रश्न. एकूण आयुष्य कसं चाललंय, हा दुसरा. दुसऱ्यासाठी हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये शिडीची युक्ती मांडली. सगळ्यात वाईट आयुष्य म्हणजे शून्य, सगळ्यात चांगलं म्हणजे दहा, तुम्ही कितव्या पायरीवर? देशांच्या आनंदाच्या ज्या याद्या पेपरात येतात, त्या मुख्यतः या शिडीवरून ठरतात, हसऱ्या चेहऱ्यांवरून नव्हे. पाहुण्याला दिसतो तो पहिल्या प्रश्नाचा चेहरा. त्यावरून तो दुसऱ्याचं उत्तर परस्पर देऊन मोकळा होतो.

मग गरीब माणूस दुःखीच असतो का? तसंही नाही. रॉबर्ट बिस्वास-डीनर आणि एड डीनर यांनी कोलकात्यात झोपडवस्तीत राहणारे, वेश्यावस्तीतल्या स्त्रिया आणि फुटपाथवर राहणारे अशा ८३ जणांना विचारलं. २००१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. एकूण आयुष्याबद्दलचं समाधान १.९३ आलं, जिथे २ म्हणजे ना बरं ना वाईट. म्हणजे किंचित खालीच. पण आयुष्याच्या वेगवेगळ्या अंगांबद्दल सुटं विचारलं, तर सरासरी समाधानाच्या बाजूला होती. नात्यांचा त्यात मोठा आधार होता. म्हणजे माझ्या फोटोतलं हसू खोटं नव्हतं. ते मुलांमुळे होतं, शेजारामुळे होतं. 'काही नसल्यामुळे' ते अजिबात नव्हतं, आणि नेमकं तेच मी सुचवलं होतं.

यात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मोरोक्कोतल्या टँजियर शहरातल्या एका प्रयोगाने. एस्तेर द्युफ्लो यांच्यासह पाच जणांचा हा अभ्यास २०१२ चा आहे. तिथल्या गरीब कुटुंबांना सार्वजनिक नळावर पाणी फुकट मिळायचं, पण वाहून आणावं लागायचं. घरात नळ घ्यायला बिनव्याजी कर्जाची सोय होती. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून काही कुटुंबांना घरी जाऊन माहिती दिली, अर्जाच्या कामात मदत केली. त्यांच्यापैकी ६९ टक्क्यांनी नळ घेतला. ज्यांना अशी मदत नव्हती, त्यांच्यापैकी १० टक्क्यांनी. मधला फरक नुसत्या कागदपत्रांच्या खटपटीचा!

आता निकाल ऐका. जुलाब वगैरे आजार कमी झाले नाहीत, कारण सार्वजनिक नळाचं पाणीही स्वच्छच होतं. उत्पन्न वाढलं नाही. उलट दरमहा पाण्याचं बिल येऊ लागलं. तरीही ही माणसं जास्त समाधानी झाली. का? वेळ सुटला. त्या वेळात त्यांनी जास्तीचं काम केलं नाही; आराम केला, लोकांकडे गेले-आले. पाण्यावरून शेजारच्यांशी होणारी भांडणंही कमी झाली. आपल्याकडे चाळीत नळावर भांडलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

एक उलटी बाजूही सांगतो, नाहीतर मी पुन्हा फोटो कापल्यासारखं होईल. एल साल्वादोर, मेक्सिको आणि उरुग्वे या देशांत झोपडीवासीयांना लाकडी तयार घरं दिली गेली. समाधान वाढलं, पण आठ महिन्यांत त्या वाढीतला सुमारे ६० टक्के भाग विरून गेला. माणसाला सवय होते. यावरून कुणी म्हणेल, मग द्यायचं कशाला? मला हा युक्तिवाद पटत नाही. छप्पर गळत नाही याचं अप्रूप संपलं, तरी छप्पर गळत नाहीच ना! तुमच्या नळाचं तुम्हाला शेवटचं अप्रूप कधी वाटलं होतं?

किबेरातच वाढलेले केनेडी ओडेडे यांनी २०१० मध्ये एक लेख लिहिला होता. सोळा वर्षांचे असताना ते घराबाहेर भांडी घासत होते आणि एका परदेशी बाईने त्यांचा फोटो काढला. पिंजऱ्यातल्या वाघासारखं वाटलं, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलंय. तो लेख मी माझ्या 'टाळ्यांच्या' व्याख्यानानंतर वाचला. मग मूळ, न कापलेला फोटो त्या तरुणाला व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि त्या मामांना दाखवायला सांगितलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. मुलांचे फोटो त्यांना आवडले. आणि म्हणाल्या, ते कॅन आमचे नाहीत, पाणीवाल्याचे आहेत. आमचे दोन आत होते, रिकामे.

आता प्रश्न घेऊया.